स्वराला किती खिळे लागतात?

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती आमच्या घरी जो वाद रंगला, त्याला कारण माझा भाचा. तो कोल्हापुरात ग्राफिक डिझाइनच्या एका कार्यालयात आहे. मिठाईची खोकी, औषधांची वेष्टने, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या असे सारे तिथे तयार होते, आणि हाताखाली चार मुले असल्यामुळे तो स्वतःला साहेबही समजतो. नव्या वर्षाच्या तोंडावर मालकांनी पत्रक काढले होते की, प्रत्येक गटाने आपापली मोजता येतील अशी उद्दिष्टे लिहून द्यावीत. बिचाऱ्याची दिवाळी त्यामुळे कडू झाली होती. "मामा, महिन्यात खोकी किती केली ते सांगता येईल. पण खोके चांगले झाले की नाही, हे कोणत्या तराजूत घालू?" असे तो सारखे म्हणत होता. आमच्या आईने तेवढ्यात चकलीचे ताट पुढे सरकवले आणि म्हणाली, "चकल्या मोजूनच घालतात रे, पण बघणारा आधी काटा बघतो."

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. रात्री कपाटातले एक जुने स्वरलिपीचे पुस्तक काढले आणि त्याच्यासमोर उघडून ठेवले. सा, रे, ग, म ही अक्षरे. त्यांच्या डोक्यावर कुठे टिंब, कुठे उभी रेघ. पायाशी आडव्या रेघा, शून्ये, अर्धचंद्र. त्याच्या धंद्यातलीच गोष्ट ती, पण गवयाने केलेली. आणि तो गवई आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचा.

कुरुंदवाड म्हणजे शिरोळ तालुक्यातले पंचगंगेकाठचे गाव. संगम हाकेच्या अंतरावर, पलीकडे नरसोबाची वाडी. पटवर्धनांच्या संस्थानांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याच्याही दोन पात्या झाल्या आणि १९४८ साली दोन्ही मुंबई राज्यात विलीन झाल्या. संस्थान लहान, पण कीर्तनकार, गवई, वैदिक यांना तिथे आश्रय असे. अशाच एका कीर्तनकाराच्या, दिगंबरपंतांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. वडिलांच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे आणि शाळेत जायचे, असे त्या मुलाचे आयुष्य चालले होते. पुढे दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा स्फोट तोंडाजवळ झाला आणि डोळे अधू झाले. ज्या सणासुदीला आपण मुलांच्या हाती फुलबाज्या देतो, त्या दिवसांत ही हकीकत आठवली की माझा हात थोडा आखडतो.

डोळ्यांच्या उपचारासाठी मुलाला मिरजेला नेले. वाचन-लेखनाचा मार्ग जवळजवळ बंद झाल्यावर गाण्याचा मार्ग सुचवला गेला, आणि मिरज संस्थानच्या आश्रयाला असलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. मोठी मौज अशी की, ज्याला अक्षरे नीट दिसत नव्हती त्याच मुलाने पुढे आयुष्याचा केवढा तरी भाग कागदावरच्या खुणांच्या मागे घालवला.

बाळकृष्णबुवांकडची तालीम जुन्या वळणाची होती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणण्यासाठी बुवांनी स्वतः किती पायपीट आणि किती सेवा केली होती, ते सर्वश्रुत आहे. त्या पद्धतीत आज काय शिकवायचे हे गुरूच्या मनावर, आणि शिष्याला किती आले हेही गुरूच्याच कानावर. "एका वर्षात मुलाला काय येईल?" असा प्रश्न कुणी विचारला असता तर तो उद्धटपणा ठरला असता. त्या पद्धतीने थोर गवई निर्माण झाले, यात शंका नाही; परंतु एका थोर गवयामागे अर्धवट राहिलेले किती, याचा आकडा कुणापाशी नव्हता, कारण तो ठेवण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती.

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदा, ग्वाल्हेर, काठेवाड असे फिरत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात त्यांनी एक नवी गोष्ट केली: राजवाड्याबाहेर, तिकीट लावून, चार लोकांपुढे गाणे. तिकिटांची संख्या हेही एक मापच, आणि मला वाटते की त्यांना मापाची गोडी तिथेच लागली असावी. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाच्या किंवा सरकारच्या खजिन्यावर न चालणारी, लोकांच्या पैशावर उभी राहिलेली ती शाळा होती. तेव्हा वर सांगितलेला उद्धट प्रश्न तिथे रोजच्या रोज दारात येणार हे उघड होते. फी देणारा बाप विचारणारच की, वर्षअखेर मुलगी काय गाऊन दाखवील?

त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर दुहेरी होते. एक, इयत्तावार अभ्यासक्रम आणि परीक्षा. दुसरे, छापील पुस्तक. 'संगीत बालप्रकाश', अनेक भागांतला 'राग प्रवेश' अशी पुस्तकमाला त्यांनी काढली. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक चालवले. पुढे १९०८ साली मुंबईला महाविद्यालय काढल्यावर तिथे वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना आणि स्वतःचा छापखानाही होता. गायनशाळेला छापखाना कशाला, असे आज वाटेल. परंतु त्यांच्या पुस्तकाचे पान बाहेरच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यापुढे ठेवले असते, तर त्याने कपाळाला हात लावला असता.

त्याचे कारण समजण्यासाठी थोडे खिळ्यांकडे वळले पाहिजे. आपली देवनागरी छापखान्याला नेहमीच जड गेली. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०८ अक्षरे होतात, आणि त्यात जोडाक्षरे आलीच नाहीत. प्रत्येकाचा स्वतंत्र खिळा पाडायचा तर जुळाऱ्याला खोलीभर घोडे लागतील. आमच्या या भागात छपाईचा पहिला प्रयत्न झाला तो हा घोळ टाळूनच. १८०५ साली मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी भगवद्गीता छापवून घेतली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. ती विद्या मुळात नाना फडणीसांच्या वेळी पुण्यात एका तांबटाने शिकून घेतली होती. नाना गेल्यावर तो मिरजेला आला. पत्र्यावर अख्खे पान कोरायचे, त्यामुळे खिळ्यांचा प्रश्नच नाही. पण एक अक्षर चुकले तर पत्र्याशीच झटायचे, आणि पुस्तक छापून झाले की त्या अक्षरांतून दुसरे पुस्तक व्हायचे नाही.

पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी लहानपणी कामाला लागले आणि १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना, १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू हा अक्षरे कोरणारा कसबी सोबती त्यांना लाभला. या मंडळींचे यश कशात, असे विचारले तर आपण चटकन 'सौंदर्य' म्हणू. पण त्यांच्या कामाला अगदी रोकडी मापे होती. पेटीतले खाने किती? एका पानात चुका किती? किती बारीक आकारापर्यंत अक्षर फुटत नाही? मुंबईकडे रुळलेल्या पद्धतीत अक्षर मधल्या थरात, मात्रा-वेलांटी-अनुस्वार वरच्या थरात, उकार-ऋकार खालच्या थरात, असे तुकडे पाडून जुळवीत. खिळ्यांची संख्या घटे, पण जुळाऱ्याचे हात तिप्पट चालत. संख्या कमी करण्याचे उद्दिष्ट गाठले की वेळाचे उद्दिष्ट हातून निसटते, हा अनुभव माझ्या भाच्याला पत्रक येण्याच्या दीडशे वर्षे आधीच जुळाऱ्यांना आला होता.

आता या पार्श्वभूमीवर विष्णु दिगंबरांचे पान पाहा. त्यांना नुसता स्वर लिहायचा नव्हता, तर तो कोणत्या सप्तकातला, शुद्ध की विकृत, आणि किती वेळाचा, हे तिन्ही लिहायचे होते. मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ, मध्य सप्तक मोकळे. कोमल स्वराला खाली हलन्तासारखी खूण. एक मात्रेच्या स्वराखाली आडवी रेघ, अर्ध्या मात्रेखाली शून्य, पाव मात्रेखाली अर्धचंद्र, आणि याच क्रमाने वर दोन व चार मात्रांना, खाली मात्रेच्या अष्टमांशाला वेगळी चिन्हे. समेला १, खालीला अधिकचे चिन्ह, बाकीच्या टाळ्यांना त्या त्या मात्रेचा आकडा.

भाच्याने कागद-पेन्सिल घेतली आणि आम्ही दोघांनी हिशेब केला. स्वर बारा, सप्तके तीन, कालाची चिन्हे सहा, गुणाकार २१६. प्रत्येक प्रकाराचा एकेक अखंड खिळा पाडला तर पेटीत २१६ खाने. तेच थरांत फोडले तर? सात अक्षरे, कोमल-तीव्राच्या दोन खुणा, मंद्र-ताराच्या दोन, कालाच्या सहा, बेरीज १७. अवघ्या सतरा खुणांत हिंदुस्थानी संगीताची बंदिश कागदावर! हिशेब आमचा घरगुती आहे, त्या छापखान्यात नेमके किती खाने होते ते त्यावरून ठरवू नये. पण ही रचना कुणा कसबी माणसाच्या डोक्यातून निघाली आहे हे त्यावरून कळते. "हा तर आमचाच माणूस," भाचा म्हणाला.

आणि या पानाला एक माप असे होते की जे कुठल्याही सुंदर चित्राला नसते. ज्याने ही बंदिश कधी ऐकली नाही अशा विद्यार्थ्यापुढे पान ठेवा. त्याने ती बसवली, आणि ज्याने लिहिली त्याला ती ओळखू आली, तर पान उतरले. न आली तर फसले. "सुरेख" आणि "बरे आहे" यांच्यामध्ये लोंबकळण्याची सोय नाही.

तथापि याच काळात मुंबईत एक वकील याच कामाला लागले होते. विष्णु नारायण भातखंडे हे बारा वर्षांनी मोठे, गवयापेक्षा शास्त्रज्ञाच्या प्रकृतीचे. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'तल्या सहा भागांची स्वरलिपी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब आणि ताराला वर टिंब: सखल ते खाली, उंच ते वर, मुलालाही न सांगता कळावे असे. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक स्वराखाली कालाचे चिन्ह नाही. एकटा स्वर म्हणजे एक मात्रा. एका मात्रेत अधिक स्वर आले तर त्या सगळ्यांना खालून एक कमान. पान मोकळे राहते, डोळा धावतो.

दोघांनी मोजले, पण वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. विष्णु दिगंबरांना प्रत्येक स्वराचा काल अचूक हवा होता; ते शाळामास्तर होते, आणि शिष्याला संदिग्ध जागा ठेवणे त्यांना मानवत नसे. भातखंडे यांना शेकडो बंदिशी संग्रहित करून वाचकाच्या हाती लवकर द्यायच्या होत्या. अचूकता आणि सुगमता या दोन्ही मापता येण्याजोग्या, आणि दोन्ही एका पानावर नांदताना एकमेकींना कोपराने ढकलणाऱ्या. प्रसाराच्या बाबतीत भातखंड्यांची लिपी पुढे गेली हे मान्य केले पाहिजे. विष्णु दिगंबरांच्या शिष्यपरंपरेतल्या पुस्तकांतही खुणा पुढे सुटसुटीत होत गेल्या. कुरुंदवाडकरांना हे आवडणार नाही, पण पान हे शेवटी वाचणाऱ्याच्या मालकीचे असते, लिहिणाऱ्याच्या नाही, असे माझे मत आहे.

पानावर मात झाली, शाळेत मात्र बाजू उलटली. विष्णु दिगंबरांनी एक उपदेशक वर्ग चालवला. मुलांना ठेवून घ्यायचे, जेवूखाऊ घालायचे, आणि नऊ वर्षांच्या कराराने पुरे शिकवून बाहेर पाठवायचे, ते दुसऱ्यांना शिकवायला. उद्दिष्ट गवई तयार करण्याचे नव्हते. गवई करणाऱ्या माणसांची फळी तयार करण्याचे होते. आपण तानसेन नव्हे, कानसेन निर्माण करतो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सांगितले जातात. एखाद्या गवयाने स्वतःच्या कामाला इतके नम्र आणि इतके मोजता येण्याजोगे उद्दिष्ट लावून घ्यावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. तानसेन शतकात एक होतो की नाही याची खात्री कोण देणार? कानसेन मात्र सभागृहातल्या खुर्च्यांवरून मोजता येतात.

आणि त्या फळीतून निघाले कोण? ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. एकाच शिस्तीतले, एकाच स्वरलिपीतले. ओंकारनाथांचा नाट्यमय, कधी हुंदक्यापर्यंत जाणारा स्वर आणि विनायकबुवांचा खडा तराणा एकापाठोपाठ ऐका. हे दोघे एका शाळेतले हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचे नाही. देवधरांनी तर पुढे घराण्यांची कुंपणे ओलांडून गुणी माणसांचा शोध घेत हिंडण्यात आयुष्य घालवले. मोजून शिकवले की सगळे सारखे निघतात, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी या चौघांच्या ध्वनिमुद्रिका एका दुपारी बसून ऐकाव्यात.

एका गोष्टीचा हिशेब मात्र या माणसाला साधला नाही. मुंबईत महाविद्यालयासाठी मोठी इमारत उभारली, त्यासाठी कर्ज काढले, आणि जलशांच्या उत्पन्नातून ते फेडता येईल असा भरवसा धरला. जलसे झाले, कर्ज राहिले. १९२० नंतरच्या काही वर्षांत इमारत सावकारांच्या देण्यापायी लिलावात गेली. मात्रेच्या अष्टमांशालाही चिन्ह देणाऱ्याला व्याजाच्या आकड्याने चकवले. त्या आधीच त्यांचे मन रामनामाकडे वळले होते. नाशिकला त्यांनी आश्रम काढला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेला डोळ्यांसाठी आले होते त्याच मिरजेत, त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच्या परीक्षांची नावे ज्या घरात हार्मोनियम आहे त्या घरात माहीत नसतील असे क्वचितच.

या परीक्षांवर रागावणारे गवई मी पाहिले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, मुले राग गातात की प्रश्नपत्रिका सोडवतात हेच कळत नाही. आरोह-अवरोह घोकला, दोन ताना पाठ केल्या, प्रमाणपत्र भिंतीवर लागले. यात तथ्य आहे. जे मोजता येते ते तेवढेच शिकवण्याचा मोह शिक्षकाला होतो, आणि विशारद झालेली कितीतरी मुले मैफलीत बसल्यावर सम चुकतात. पण त्या परीक्षा नसत्या तर शिरोळ, जयसिंगपूर, इचलकरंजीच्या साध्या घरांतल्या मुलींच्या हाती तानपुरा आला असता काय, हा प्रश्न त्याच गवयांना विचारला की ते तंबाखू मळू लागतात.

विष्णु दिगंबर गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. हे त्यांचे एकटेच अपत्य जगलेले. त्या वयात बापाचे गाणे मुलाकडे किती आलेले असणार? पुढे त्याला शिकवले ते बापाच्या फळीतल्या माणसांनी, विनायकबुवांनी आणि नारायणरावांनी. डी. व्ही. पलुसकर या नावाने त्यांनी गायलेली भजने आजही पहाटे रेडिओवर लागतात. १९५२ सालच्या 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांच्या जोडीला त्यांचाच आवाज आहे. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. बापाने उपदेशक वर्गात जे वाटून ठेवले होते, ते फिरून त्याच्याच घरी आले, थोड्या दिवसांसाठी का होईना.

हे सांगून झाले तेव्हा रात्र बरीच झाली होती. अंगणातल्या पणत्यांपैकी दोन-तीनच जळत होत्या. भाचा पुस्तक डोळ्यांजवळ धरून बसला होता. म्हणाला, "मामा, गाण्यातले मला कळत नाही. पण या अर्धचंद्रांच्या आणि पुढच्या ओळीच्या टिंबांच्या मध्ये जागा फार कमी सोडली आहे. इथे वाचणारा अडखळत असणार."

मी त्याला ती ओळ गाऊन दाखवायला लागलो, आणि बरोबर तिथेच अडखळलो. त्याने खिशातून पेन्सिल काढली, मालकांच्या पत्रकाची मागची कोरी बाजू उलटली आणि लिहिले: 'अनोळखी माणसाने पहिल्या वाचनात किती ठिकाणी थांबावे?' त्यापुढे आकडा टाकायचा राहिला होता. आईने आतून हाक मारली, "चकल्या डब्यात भरा रे, नाहीतर सकाळपर्यंत सादळतील."